जुना बंगला मागच्या बाजूने पाहावा

सोलापुरात जुनी वास्तू म्हटली की बोट पहिल्यांदा इंद्रभुवनकडे जातं. अप्पासाहेब वारद यांचं ते निवासस्थान पुढे महापालिकेची इमारत झालं. त्याचं महत्त्व दर्शनी भागावरच लिहिलेलं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर तिथे वाढलेल्या माणसामुळे महत्त्वाचं, आणि म्हणून ते स्मारक म्हणून जपलं गेलं. आम्ही ज्या बंगल्याची नोंद केली त्याला या दोन्हींपैकी काहीच नाही. रेल्वे लाइन्सच्या बाजूला, चिंचेच्या झाडामागे मंगलोरी कौलांचं एक बैठं घर. नक्षी नाही, कोणी थोर माणूस राहून गेलेला नाही. अशा घराला ऐतिहासिक महत्त्व आहे असं म्हणायचं, तर ते घराच्या अंगावरून आणि कागदावरून सिद्ध करावं लागतं. ते काम कसं झालं, कुठे चुकलं आणि हाती काय लागलं, ते इथे लिहिलं आहे.

आधी हे घर वेगळं का, ते सांगायला हवं. सोलापूरचं जुनं घर म्हणजे माळवद. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकडी कड्या, त्यावर पुन्हा पांढऱ्या मातीचा थर. घर खणावर, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेवर, मोजायचं. पुढे सोपा, आत चौक, भिंतीत बळद, म्हणजे धान्याचं कोठार. थोरामोठ्यांचा वाडाही याच विचाराचा: रस्त्याकडे पाठ, तोंड चौकाकडे. बंगल्याने हे सगळं उलटं केलं. शब्दच बंगालवरून आलेला. चौक गेला, हॉल मधोमध आला, आणि मोकळी जागा आत नव्हे तर घराभोवती कंपाउंड म्हणून पसरली. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली, जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. रेल्वेचे अधिकारी, गिरणीतले साहेब, वकील, डॉक्टर यांच्यासाठी पेठांच्या बाहेर, स्टेशन आणि सिव्हिल लाइन्सच्या अंगाने ही घरं उभी राहिली.

पाहणीला आम्ही डिसेंबरच्या सुरुवातीला हात घातला. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात कौलांवर चढून काम होत नाही, कौलं हाताला चटके देतात. पावसाळ्यात भिंती ओल्या असतात, त्यामुळे ओल नेमकी कुठली हे कळत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी मापं आणि फोटो, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात फक्त गळती पाहायला एक फेरी, हे वेळापत्रक चांगलं जमतं.

मापं घेताना पहिली चूक होते ती खोली काटकोनात आहे असं धरण्याची. जुन्या बंगल्यात ती क्वचितच तशी असते. लांबी-रुंदीबरोबर दोन्ही कर्ण घेतलेच पाहिजेत. मधल्या हॉलची मापं २४ फूट आणि १८ फूट भरली. त्या हिशेबाने कर्ण बरोबर ३० फूट यायला हवा. एक २९ फूट १० इंच आला, दुसरा ३० फूट २ इंच. म्हणजे खोली किंचित तिरकी आहे. नकाशा काढल्यावर मागच्या खोल्या जुळेनात तेव्हा हेच कर्ण उपयोगी पडले. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजावी आणि गिलावा वजा करावा. इथे गिलाव्यासह साडेएकोणीस इंच भरली, मूळ वीटकाम अठरा इंच. विटा ९ × ४½ × ३ इंचांच्या. याचा अर्थ पेशवाई धाटणीची चपटी, पातळ वीट इथे नाही. इंग्रजी मापाची वीट आहे आणि भिंत दोन विटांची. लेझर मीटर सोयीचा असतो, पण तावदानावर आणि उन्हात तो फसवतो. टेप हाताशी असावाच.

जोतं अडीच फूट. पुढचा व्हरांडा ९ फूट रुंद. हॉलचं छत १६ फुटांवर, व्हरांड्याचं ११ फुटांवर. या पाच फुटांच्या फरकात झरोके बसवले आहेत, मधोमध खिळीवर फिरणारे, दोरीने उघडणारे. गरम हवा वर चढते आणि तिथून बाहेर पडते. पश्चिमेच्या दारांच्या बाहेरच्या चौकटीवर वरच्या अंगाला लोखंडी आकड्यांची रांग मिळाली. ते आकडे वाळ्याचे ताटे, म्हणजे वाळ्याचे पडदे, टांगायचे. मे महिन्यात ताट्यांवर पाणी मारलं की आत गार वारा यायचा. चौकटीच्या खालच्या टोकाला लाकूड कुजलेलं होतं ते त्या पाण्यामुळे, वाळवीमुळे नाही. सुतार आधी वाळवीचं औषध मारायला निघाले होते. सुरीचं टोक लाकडात घुसवून पाहिलं तर आतले धागे शाबूत होते, पोखरलेली भोकं नव्हती.

आता काळ ठरवण्याचं काम. इथेच सगळ्यांत जास्त घोळ होतो.

कौलांच्या पाठीवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’ असा ठसा आणि त्याखाली १८६५. घरच्यांनी कित्येक वर्षं बंगला १८६५ चा म्हणून सांगितलं होतं. पण १८६५ हे मंगळूरचा तो कारखाना सुरू झाल्याचं साल. पुढे अनेक वर्षं प्रत्येक कौलावर तेच साल छापलं जात होतं. घर त्या सालचं, असा अर्थ त्यातून निघत नाही. मात्र नाव कामाला येतं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन-स्विस मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली आणि १९१९ नंतर कारखाना कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला, ठसाही बदलला. म्हणून बासेल मिशनचं कौल म्हणजे महायुद्धाआधीचा माल. पण कौल काढून दुसऱ्या घरावर बसवता येतं, हेही लक्षात ठेवायचं. म्हणून आम्ही एकच कौल पाहून थांबलो नाही. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं बसतात. छपराच्या चारही बाजूंनी आणि मोभाजवळून मिळून ६० कौलं उलटून पाहिली. ५१ बासेल मिशनची, ९ नंतरच्या वेगळ्या कारखान्यांची, आणि ती नऊही गळतीच्या जागीच. म्हणजे छप्पर मूळचं आहे, दुरुस्त केलेलं आहे, बदललेलं नाही. कौल काढण्याआधी जागेवर खडूने आकडा घालून फोटो घ्यावा. खाली उतरवल्यावर कुठलं कौल कुठलं हे कोणालाच सांगता येत नाही.

फरशी शहाबादी. शहाबाद सोलापूरच्या पुढे गुलबर्ग्याच्या बाजूला, त्याच रेल्वेमार्गावर. सोलापुराहून रायचूरपर्यंतची लाइन १८७१ मध्ये पूर्ण झाली. फरशीसारखा जड माल बैलगाडीने एवढ्या लांबून आणून आख्ख्या घराला घालणं परवडणारं नव्हतं. म्हणून मूळ फरशी असेल तर घर १८७१ च्या नंतरचं, असा अंदाज बांधता येतो. पण फरशी मूळची कशावरून? हॉलच्या कोपऱ्यात एक फरशी सैल होती. ती उचलली तर खाली चुन्याचा कोबा नव्हता, थेट दाबलेला मुरूम आणि त्यावर चुन्याचा थर होता. भिंतीचा जुना गिलावा फरशीच्या वर येऊन थांबत होता, मागे उतरत नव्हता. म्हणजे फरशी आधी बसली, गिलावा नंतर झाला. तेव्हा ती मूळचीच. एका खोलीत मात्र रंगीत सिमेंटच्या फुलांच्या टाइल्स आहेत. भारत टाइल्स मुंबईत १९२२ मध्ये सुरू झाली, अशा देशी टाइल्स त्यानंतर सर्रास मिळू लागल्या. तिथे गिलावा टाइलच्या मागे गेलेला दिसला. खोली जुनी, जमीन नवी.

मागच्या आउटहाउसच्या छताला तुळयांऐवजी रेल्वेचे रूळ वापरले आहेत. गंज ब्रशने घासून रुळाच्या पोटावर तिरका उजेड टाकला की उठावाची अक्षरं दिसतात: कारखाना, साल, रेल्वे कंपनीची आद्याक्षरं. साल १८८६. तिरका उजेड संध्याकाळी टॉर्चनेच चांगला मिळतो, दुपारी काही वाचता येत नाही. इथेही तीच सावधगिरी बाळगायची: १८८६ ला रूळ कारखान्यात लाटला गेला, तो लाइनीवर घासून निकामी झाल्यावर लिलावात निघाला आणि मग छतावर चढला. म्हणजे आउटहाउस त्याच्या बरंच नंतरचं. ते मूळ घराबरोबर बांधलं का हे ठरवायला दोघांच्या भिंतींचा सांधा पाहिला. एकाच वेळी बांधकाम झालं तर गवंडी विटांचे दाढे एकमेकांत गुंतवतो. इथे सरळ उभी फट होती, दाढे नव्हते. आउटहाउस नंतर चिकटवलेलं.

चुन्याची परीक्षा सोपी आहे, पण नीट केली तर. दाराच्या मागे, नजरेआड, गिलाव्यात सहा इंचांची चौकट उघडली. आतल्या सांध्यातला ५० ग्रॅम चुना फोडून त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंब थेंब टाकलं, फेस थांबेपर्यंत. (हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा, यात तडजोड नाही.) उरलेला गाळ धुवून, वाळवून तोलला: ३३ ग्रॅम. म्हणजे वजनाने साधारण एक भाग चुना, दोन भाग वाळू. गाळात तांबूस भुकटी नव्हती, तेव्हा सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घातलेली नाही. पण सोलापूरच्या काळ्या मातीत आणि ओढ्यांच्या वाळूत चुनखडीचे खडे असतात. तेही ॲसिडमध्ये विरघळतात आणि मिश्रणात चुना जास्त असल्याचा भास होतो. म्हणून फोडताना पांढरे खडे चिमट्याने वेगळे काढले. पहिल्या खेपेला ते काढले नव्हते, तेव्हा गाळ फक्त २६ ग्रॅम भरला होता आणि सगळं गणित चुकलं होतं.

अंगावरची साक्ष इतकी झाल्यावर कागद. भूमापनाची मिळकत पत्रिका ही सुरुवात. तिच्यावर क्षेत्र, धारणाधिकार, मूळ धारक आणि पुढचे फेरफार क्रमाने असतात. लोक पत्रिकेवरची पहिली तारीख बांधकामाची धरतात. ती नगर भूमापन चौकशीची तारीख असते. घर त्याआधी कितीही वर्षं उभं असू शकतं. चौकशी नोंदवहीची नक्कल वेगळी मागावी. पत्रिकेवर जे एका ओळीत आहे त्यामागचं कारण तिथे असतं. घरपट्टीची जुनी आकारणी पुस्तकंही पाहावी, पण सोलापूरची नगरपालिका १८५२ ची आणि महापालिका १९६४ ची. मधल्या काळात घरक्रमांक बदललेले असतात. क्रमांकावर विसंबलं तर दुसऱ्याच्या घराचा इतिहास आपल्या माथी येतो. एकदा तसं झालंही, आणि शेजारच्या तिसऱ्या घराची माहिती आम्ही आठवडाभर गोळा करत होतो.

दस्त शोधताना सगळ्यांत उपयोगी ठरली ती शेजाऱ्यांची चतुःसीमा. या बंगल्याचं स्वतःचं सगळ्यांत जुनं खरेदीखत १९०८ चं निघालं. पण पूर्वेच्या प्लॉटच्या १८९४ च्या खतात लिहिलं होतं: ‘पश्चिमेस बंगला कंपाउंडसह.’ एवढ्या तीन शब्दांनी बंगला १८९४ ला उभा होता हे ठरलं. म्हणून दुय्यम निबंधकांकडे शोध घेताना फक्त आपल्या मिळकतीची सूची क्रमांक दोन (दस्तांची मिळकतवार यादी) पाहून उठू नये, चारही शेजाऱ्यांची पाहावी. शब्दही टिपून ठेवावेत. त्याच काळातल्या पेठेतल्या खतांत ‘माळवदी घर, खण सात’ असं येतं. इथे खण नाही, ‘बंगला’ आहे. लिहिणारा कारकून तोच, पण त्याला हे घर खणांत मोजता आलं नाही.

जुने कागद मोडीत असतील तर अंदाजाने वाचू नये. पुराभिलेख संचालनालयाची मोडीची परीक्षा दिलेले जाणकार मिळतात, त्यांच्याकडूनच लिप्यंतर करून घ्यावं. सनांचा घोळ वेगळाच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसलीत ५९०. सोलापूरला लागून निजामाचा मुलूख असल्याने फसली सन वारंवार भेटतो. फसली १३१८ म्हणजे १९०८-०९. तोच आकडा शक समजला तर १३९६ येतं, ती चूक लगेच कळते. पण नुसतं ‘सन १८’ असं तोडून लिहिलेलं असेल तर कागदावरचा शिक्का आणि स्टॅम्पची किंमत पाहूनच निर्णय करावा.

घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीही आम्ही लिहून घेतल्या, पण वेगळ्या रकान्यात. सोलापुरात १९३० च्या मार्शल लॉचा काळ इतका खोल रुतला आहे की जुन्या बंगल्यात ‘गोरा ऑफिसर उतरला होता’ हे हटकून ऐकायला मिळतं. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी दिलं गेलं, त्या स्मृतीशी आपलं घर जोडलं जावं असं वाटणं स्वाभाविक आहे. या घराबाबत तसा कागद मिळाला नाही, म्हणून ते महत्त्वनिवेदनात, म्हणजे घराचं महत्त्व सांगणाऱ्या टिपणात, घेतलं नाही. एक अप्रमाणित वाक्य घातलं की बाकीच्या प्रमाणित वाक्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आणि मग मागची बाजू. खरं महत्त्व तिथे निघालं.

मूळ आराखड्यात स्वयंपाकघर घरात नव्हतंच. ते मागे तीस फुटांवर वेगळं होतं. त्याचं जोतं आज गुलाबाच्या वाफ्याची कड म्हणून उरलं आहे. दोन्ही बाजूंच्या न्हाण्यांना बाहेरून एक एक अरुंद दार आहे, आत जाणाऱ्या दाराच्या निम्म्या रुंदीचं, आणि त्याखाली भिंतीत चौकोनी कप्पा, विटांनी बुजवलेला. तो टोपलीच्या संडासाचा कप्पा. सफाई करणाऱ्या माणसाने घरात न शिरता, कोणाच्या नजरेस न पडता मागूनच मैला न्यावा, यासाठी ही दारं आणि कुंपणालगतची पायवाट. घराच्या नकाशात जात किती काटेकोर मोजून बसवली होती, हे या कप्प्याइतकं स्पष्ट कुठलाच दस्त सांगत नाही. मालकांना सुरुवातीला हा भाग नकाशात नको होता. आम्ही तो ठेवण्याचा आग्रह धरला, आणि त्यांनी मान्य केलं. तो वगळला असता तर घराची नोंद अर्धीच राहिली असती.

१९०८ ला बंगला मराठी कुटुंबाकडे आला, आणि भिंती बदलू लागल्या. मागचा व्हरांडा साडेचार इंची भिंतीने बंद करून त्यात चूल आली. वरच्या वाशांवर काजळीचा थर आहे, आणि छपराला धुराड्यासाठी कापलेलं भोक. चुन्याचे हात मोजायला तिथे ब्लेडने पायरीपायरीने खरवडलं: चौदा थर निघाले, दर्शनी खोल्यांत नऊ. स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीपेक्षा जास्त वेळा रंगवलं जात होतं. पूर्वेची ‘ड्रेसिंग रूम’ देवघर झाली. तिच्या भिंतीत कोनाडा नंतर कोरलेला आहे, त्याच्या कडांच्या विटा तुटक्या आहेत. पुढच्या व्हरांड्याच्या तुळईत झोपाळ्याच्या चार जाड कड्या, तुळईच्या आरपार जाऊन वर पट्टीवर नट लावलेल्या. अंगणात तुळशीवृंदावन. चौक नसलेल्या घरात त्यांनी मागचं परसदार चौकासारखं वापरायला घेतलं. बाहेर तोंड करून बांधलेलं घर एका कुटुंबाने हळूहळू पुन्हा आत वळवलं. सोलापूरच्या मध्यमवर्गाने साहेबी घर आपलंसं कसं केलं, त्याचा हा बांधीव पुरावा आहे. म्हणून महत्त्वनिवेदनात आम्ही पहिलं वाक्य बांधकामाच्या काळाचं घातलं (१८७१ ते १८९४ दरम्यान) आणि दुसरंच वाक्य १९०८ नंतरच्या बदलांचं. नंतरचे बदल म्हणजे बिघाड समजून ते पाडून ‘मूळ रूप’ आणण्याचा मोह संवर्धनात फार होतो. इथे ते केलं तर घराचं महत्त्वच पाडलं जाईल.

निवेदन दीड पानाचं. सोबत मांडणीचा नकाशा १:१००, दोन छेद १:५०, दारं-खिडक्यांची यादी, ११२ फोटो आणि प्रत्येक फोटोचं नकाशावर ठिकाण. प्रत्येक भागापुढे ‘मूळ’, ‘नंतरचा, ठेवावा’ किंवा ‘नंतरचा, काढला तरी चालेल’ अशी खूण. काढावा अशा रकान्यात एकच मोठी गोष्ट आली: भिंतींच्या तळाला तीन फूट उंच मारलेला सिमेंटचा गिलावा. त्याने ओल कोंडली, ती वर चढली आणि चार फुटांवर लोणा, म्हणजे क्षार, फुलला. तो खरवडून तिथे एकास दोनचा चुन्याचा गिलावा करायचा, उन्हाळ्यात नव्हे तर पाऊस सरल्यावर, आणि गोणपाट भिजवून दहा दिवस ओला ठेवायचा.

हॉलच्या मागच्या भिंतीत, साडेनऊ फुटांवर, मुठीएवढं एक भोक आहे. आतून कापडाचे बोळे आणि चुना भरून बुजवलं होतं. बोळे काढल्यावर मध्ये शिसवी लाकडाचं फिरकं मिळालं, अजून फिरणारं. त्याच्या मधोमध दोरीने पडलेली, बोटाचं पेर बसेल एवढी खाच. छताला एका रेषेत दोन बारीक कड्या आहेत, त्यांवर कापडी पंखा टांगलेला असे. दोरी या भोकातून मागच्या व्हरांड्यात जाई आणि तिथे बसून माणूस तो ओढत राही. त्या माणसाचं नाव कुठल्याच कागदात नाही. एसी बसवणारे याच तयार भोकातून तांब्याची नळी टाकणार होते, म्हणून विजेच्या कामाच्या नकाशावर तिथे लाल फुली मारून शेजारी लिहिलं आहे: नळी झरोक्याच्या चौकटीतून न्यावी, फिरकं जागेवरच राहील.